मशीननं फॉर्म उडवला तर काय करायचं? गावाकडून नोकरीचा अर्ज भरणाऱ्यांसाठी

रात्री ११:४० ला फॉर्म सबमिट केला आणि ११:४४ ला मेल आला, "आपल्या अर्जाचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला, परंतु...". चार मिनिटं. पांढरकवड्याच्या पुढच्या एका गावची पोरगी, बी.कॉम. झालेली, टॅली येते, दोन वर्ष कृषी केंद्रात बिलं केलेली, मग आईचं ऑपरेशन झालं म्हणून दीड वर्ष घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच येऊन उभी होती, मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणे, "ताई, मायात काय कमी हाये सांग ना."

मी तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. पोलीस भरतीपासून स्कॉलरशिपपर्यंत सगळे फॉर्म होतात, पण मागच्या काही वर्षांत खाजगी कंपन्यांचे फॉर्म गंज वाढले, बुटीबोरी, हिंगणा, मिहान, नांदगाव पेठ, पुण्याकडच्या कंपन्या, बँकांचे फिल्ड ऑफिसर, कॉल सेंटर. आणि हे चार मिनिटांवाले मेल पण वाढले. त्या पोरीला मी जे सांगितलं तेच इथे लिहून राहिली, कारण रोज एकेकाला सांगून पुरत नाही.

तिला पहिले हेच सांगितलं की बाई, तुझ्यात काय कमी आहे हे कोणी पाह्यलंच नाही. रात्री पावणेबाराला कोणता एचआरवाला बसून राहिला तुझा बायोडाटा वाचत? सॉफ्टवेअरनं चाळणी लावली आणि तू चाळणीच्या वर राहिली. अमेरिकेत एका माणसाची अशीच गोष्ट कोर्टात चालू आहे. शंभराच्या वर अर्ज केले, सगळे रिजेक्ट, त्यातला एक तर रात्री १२:५५ ला भरला आणि १:५० ला नकार आला असं त्यानं दाव्यात लिहिलं आहे. वर्कडे नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर हजारो कंपन्या वापरतात, त्या कंपनीवरच त्यानं २०२३ मध्ये केस टाकली, आणि मे २०२५ मध्ये कोर्टानं ४० वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या बाकीच्या अर्जदारांनाही त्यात सामील व्हायची वाट मोकळी केली. निकाल लागायचा आहे. पण अनुभव आपल्या पोरीचा आणि त्याचा सारखाच.

चाळणी कशी लागते

बहुतेक ठिकाणी तीन टप्पे असतात. पहिल्यांदा सॉफ्टवेअर तुमची फाइल वाचून नाव, शिक्षण, अनुभव, गाव असे तुकडे करून आपल्या रकान्यात भरते. मग फॉर्ममधले हो-नाहीवाले प्रश्न येतात, स्वतःची गाडी आहे का, दोन वर्षाचा अनुभव आहे का, लगेच जॉइन होता का. यातल्या एकाचं उत्तर चुकीच्या खान्यात गेलं की अर्ज तिथेच बाद, पुढे कोणी पाहत नाही. आणि शेवटी उरलेल्यांना मार्क देऊन रांग लावतात, एचआरवाला वरचे वीस-तीस उघडतो, बाकीचे तसेच पडून. आता बऱ्याच ठिकाणी हे मार्क द्यायचं काम एआयवर सोडलं आहे.

हे फक्त अर्ज करणाऱ्यांचं रडगाणं आहे असं समजू नका. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०२१ च्या एका अहवालात ८८ टक्के कंपन्यांनी स्वतःच मान्य केलं की काम येणारे चांगले लोक आमच्या सॉफ्टवेअरमधून गळून जातात, कारण जाहिरातीतल्या अटींशी त्यांचा बायोडाटा शब्दाला शब्द जुळत नाही. म्हणजे कंपन्यांनाही माहीत आहे.

सगळ्यात आधी फाइल तपासा

इथे मी जास्त लिहिणार आहे कारण आपल्याकडचे अर्धे अर्ज इथेच मरतात आणि पोट्ट्यांना वाटते आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून झालं.

आपल्याकडचे टायपिंगवाले अजूनही कृतीदेव नाहीतर श्रीलिपीमध्ये बायोडाटा टाइप करतात. हे जुने फॉन्ट डोळ्याला मराठी दिसतात पण आत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, वरून फक्त मराठीचा अंगरखा. प्रिंट काढली तर मस्त दिसते. सॉफ्टवेअरनं वाचली तर नुसता कचरा. तसंच, बायोडाट्याचा मोबाईलनं फोटो काढून पीडीएफ केली तर ती पीडीएफ म्हणजे चित्र झालं, त्यात अक्षरच नाही, काही सॉफ्टवेअर चित्रातूनही वाचतात पण त्याच्या भरवशावर राहू नका.

तपासायचं कसं, तर पीडीएफ मोबाईलवर उघडा, मजकुरावर बोट दाबून धरा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तिथे जे दिसते तेच साधारण मशीनला दिसते. सिलेक्टच होत नसेल तर चित्र आहे. भलतीसलती चिन्हं आली तर जुना फॉन्ट आहे, टायपिंगवाल्याला सांगा की भाऊ युनिकोडमध्ये करून दे, मंगल फॉन्ट चालते, मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर लिहिलेलं पण चालते. आणि नाव एकीकडे, फोन नंबर दुसऱ्याच ओळीत घुसलेला, अनुभवाच्या तारखा शिक्षणात मिसळलेल्या असं दिसलं तर समजा की तुमच्या बायोडाट्यात टेबल किंवा दोन कॉलम आहेत. ते काढा. सरळ एकाखाली एक लिहा. निळ्या पट्ट्या, गोल फोटो, कौशल्यासाठी पाच चांदण्या, हे सगळं दिसायला बरं असते पण मशीनला चांदण्या मोजता येतीलच असं नाही. फोन नंबर पानाच्या अगदी वरच्या पट्टीत म्हणजे हेडरमध्ये टाकू नका, बरेच सॉफ्टवेअर ती पट्टी सोडूनच देतात, मग सिलेक्शन झालं तरी फोन कुठे करतील?

नावाचं पण लय घोळ होते. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिले, मग स्वतःचं नाव, मग वडलांचं. मशीन पहिल्या शब्दाला तुमचं नाव समजते आणि शेवटच्याला आडनाव, म्हणजे पोरीचं आडनाव तिच्या वडलांचं नाव होऊन जाते, मग आधार वेगळं, मार्कशीट वेगळी, आणि पडताळणीत "नाव जुळत नाही" म्हणून अर्ज लटकतो. लग्न झालेल्या बायांचं तर दुप्पट. फॉर्ममध्ये नावाचे खाने वेगळे असतील तर नीट पाहून भरा, आणि नाव बदललं असेल तर बायोडाट्यात एका ओळीत लिहूनच टाका की लग्नाआधीचं नाव हे, दहावी-बारावीच्या कागदावर तेच आहे.

विद्यापीठाचं नाव पूर्ण लिहा आणि जुनं नावही जोडा. कोणी नुसतं अमरावती विद्यापीठ लिहिते, कोणी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, कोणी एसजीबीएयू. माणसाला कळते तिन्ही एकच आहेत, मशीनच्या यादीत एकच नाव असू शकते. गोंडवाना विद्यापीठ तर २०११ चं आहे, जुन्या याद्यांमध्ये ते सापडतच नाही, मग "इतर" निवडून खाली पूर्ण नाव लिहा, रिकामं सोडू नका.

शब्द त्यांचे, काम आपलं

एमएस-सीआयटी आपल्या महाराष्ट्रात शेंबड्या पोराला माहीत आहे. बंगळूरच्या नाहीतर अमेरिकेच्या सॉफ्टवेअरला ते कशाचं नाव आहे हे कळेलच असं नाही. म्हणून नुसतं एमएस-सीआयटी लिहून थांबू नका, पुढे लिहा की वर्ड, एक्सेल, इंटरनेट, ईमेल येते. जाहिरातीत "डेटा एंट्री" लिहिलं असेल आणि तुम्ही "कॉम्प्युटरचं काम" लिहिलं तर जुळणार नाही, तुम्ही डेटा एंट्री केली असेल तर डेटा एंट्रीच लिहा. आयटीआयवाल्यांनो, ट्रेडचं पूर्ण नाव, वर्ष आणि कोणत्या मशीनवर हात बसला आहे ते लिहा.

तीन वर्ष बचत गटाचं पासबुक आणि हिशेब सांभाळणारी बाई माझ्यासमोर बसून म्हणते, "मले काही अनुभव नाही." अनुभव नाही? बारा बायांची वसुली, बँकेचे हप्ते, महिन्याची मिटिंग, हा अनुभव नाही तर काय आहे! तो "अनुभव" या मथळ्याखाली लिहा, "छंद" खाली नाही. घरची सहा एकर कपाशी-तूर पाहत असाल, मजुरांचा हिशेब, खताची खरेदी, बाजार समितीत माल नेणं, ते लिहा तारखेसकट.

याचा दुसरा फायदा म्हणजे खंड भरतो. त्याच हार्वर्डच्या अहवालात आहे की जवळजवळ अर्ध्या कंपन्या सहा महिन्यांपेक्षा मोठी गॅप दिसली की अर्ज आपोआप बाजूला काढतात. मशीनला हे दिसत नाही की त्या दीड वर्षात पोरगी सावंगीच्या दवाखान्यात आईच्या उशाशी बसली होती. बाळंतपण, आजारपण, स्पर्धा परीक्षेची तयारी, या सगळ्याचं मशीनच्या लेखी एकच नाव, रिकामं. म्हणून रिकामं सोडू नका, खरं जे आहे ते एका ओळीत लिहा, "मार्च २०२३ ते ऑगस्ट २०२४, घरच्या आजारपणामुळे घरी, याच काळात घरच्या शेतीचे हिशेब". खोटी कंपनी टाकू नका. मी कोणालाच टाकून देत नाही, कितीही पैसे दिले तरी, कारण पुढे पडताळणीत सापडलं की लागलेली नोकरी पण जाते.

युट्यूबवर एक युक्ती फिरते की जाहिरातीतले सगळे शब्द पांढऱ्या अक्षरात बायोडाट्याच्या खाली लपवून टाका म्हणजे मशीन फसते. करू नका. आता सॉफ्टवेअर ते लपलेले शब्द उघडे करून दाखवते आणि मग तुमचा खराखुरा अनुभवही खोटा वाटायला लागते. एआयकडून बायोडाटा लिहून घ्यायला माझी ना नाही, इंग्रजी नीट करायला तर घ्याच, पण ओळ न ओळ वाचा, तो आपल्या मनानं "टीमचं नेतृत्व केलं" वगैरे घुसडतो, आणि इंटरव्ह्यूत विचारल्यावर पोट्टे गप्प होतात.

आता जे आपल्या हातात नाही ते

फाइल बरोबर, शब्द बरोबर, तरी गळलात, तर चाळणीतच वाकडेपणा असू शकतो. मशीन निष्पक्ष असते, त्याला जातपात कळत नाही, हे मी गंज लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते खरं नाही. मशीन जुन्या भरतीवरून शिकते. जुन्या भरतीत ज्यांना घेतलं तसेच लोक त्याला चांगले वाटतात.

अमेझॉनचं उदाहरण सगळ्यात साफ आहे. त्यांनी २०१४ पासून बायोडाट्यांना मार्क देणारं एक सॉफ्टवेअर बनवायला घेतलं, दहा वर्षांचे जुने अर्ज त्याला शिकवले, त्यात बहुतेक पुरुष होते. मशीन शिकलं की पुरुष बरे. "महिला बुद्धिबळ क्लबची कॅप्टन" यातला महिला शब्द दिसला की मार्क कमी, दोन फक्त मुलींच्या कॉलेजातून शिकलेल्या असल्या तरी मार्क कमी. दुरुस्त करून पाह्यलं पण भरवसा येईना, शेवटी ते कामच बंद केलं, २०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं ही बातमी छापली. आता आपल्याकडे विचार करा, किती पोरी महिला महाविद्यालयातून शिकतात!

आडनावाचं तर मशीन यायच्या आधीपासून आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातलेच डॉ. सुखदेव थोरात, जे यूजीसीचे अध्यक्ष होते, त्यांनी पॉल ॲटवेल यांच्यासोबत २००७ मध्ये एक अभ्यास छापला. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं यायची शक्यता साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश निघाली. तेव्हा अर्ज माणसं वाचत होती. आता त्याच माणसांनी ज्यांना निवडलं त्यांची यादी मशीनला शिकवली तर मशीन काय शिकेल? आडनाव झाकलं तरी गाव राहते, कॉलेज राहते, वस्तीचा पत्ता राहते, त्यावरून तेच कळून जाते.

पिनकोडचं मला जास्त लागते. फॉर्ममध्ये ४४४७०२ टाकलं म्हणजे धारणी, मेळघाट. ४४२६०५ म्हणजे गडचिरोली. "कामाच्या जागेपासून २५ किलोमीटरच्या आत" असा फिल्टर कोणी लावला की हे पूर्ण भाग एका क्लिकमध्ये साफ, जरी पोट्टा रूम करून राहायला एका पायावर तयार असला तरी. झेरॉक्स कंपनीला अमेरिकेत कॉल सेंटरच्या भरतीत आकडे सांगत होते की जवळ राहणारे लोक जास्त दिवस टिकतात, पण दूरच्या वस्त्या कोणत्या लोकांच्या आहेत हे पाह्यल्यावर त्यांनी तो मुद्दा मार्कातून काढून टाकला, कारण अंतराच्या नावाखाली माणसंच गाळली गेली असती. असं करता येते म्हणजे, करायचं मनात असलं तर.

यात तुम्ही काय करू शकता? पत्त्याच्या खाली लगेच लिहा, "नागपूरला राहायला यायची तयारी आहे". फॉर्ममध्ये सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता वेगळा विचारत असतील आणि मामाकडे, मावशीकडे खरंच राहून राहिले असाल तर सध्याचा तिथला द्या. खाजगी अर्जात मागितलं नसेल तर जात, धर्म, लग्न झालं का, वडलांचा धंदा, फोटो, जन्मतारीख यातलं काही टाकू नका, आपल्या जुन्या बायोडाट्याच्या साच्यात हे सगळं असते, तो साचा लग्नाच्या बायोडाट्यासारखाच आहे. जातीचा दाखला सरकारी अर्जात लागेल तिथेच. मात्र आडनाव काढून टाका असं मी कोणाला सांगणार नाही. ते तुमचं नाव आहे.

वयाचं प्रकरण पण असंच. आयट्यूटरग्रुप नावाच्या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरनं ५५ च्या वरच्या बाया आणि ६० च्या वरचे पुरुष आपोआप उडवले, दोनशेच्या वर लोक. ते सापडलं कसं, तर एका अर्जदारानं तोच अर्ज फक्त जन्मतारीख बदलून परत टाकला आणि इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. २०२३ मध्ये कंपनीला ३ लाख ६५ हजार डॉलर द्यावे लागले. तुम्ही खऱ्या अर्जात खोटी माहिती भरू नका, ते तुमच्याच अंगावर येईल. पण एकाच कॉलेजच्या, सारख्या मार्कांच्या पाच-सहा जणांनी एकाच जागेला अर्ज केला असेल तर निकाल एकत्र ठेवून पाहा. शहरातल्या पत्त्यावाल्यांना बोलावणं आणि गावच्यांना चार मिनिटांत नकार, असं दिसलं तर ते लिहून ठेवा.

कॅमेऱ्यासमोरचा इंटरव्ह्यू

आता मोबाईलवर प्रश्न येतो, तुम्ही बोलायचं, समोर कोणी नसते, मशीन आवाज आणि चेहरा पाहून मार्क देते. जर्मनीत २०२१ मध्ये बव्हेरियाच्या सार्वजनिक रेडिओच्या पत्रकारांनी असं एक सॉफ्टवेअर तपासलं, तर एकाच माणसाच्या मागे पुस्तकांचं कपाट दाखवलं की मार्क बदलत होते, चष्मा घातला, डोक्यावर ओढणी घेतली तरी बदलत होते. बोलणं मात्र तेच. हायरव्ह्यू या मोठ्या कंपनीनं तर चेहऱ्यावरून मार्क द्यायचं २०२१ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. युरोपात फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या ठिकाणी मशीननं चेहऱ्या-आवाजावरून भावना ओळखायला बंदीच आहे. आपल्याकडे असा खास कायदा अजून नाही.

आवाजाचं तर विचारू नका. २०२० मध्ये अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांची बोलणं ओळखणारी यंत्रं तपासली, गोऱ्या लोकांच्या शंभरात १९ शब्दांना चुका, काळ्या लोकांच्या ३५ शब्दांना. इंग्रजी दोघांचीच मातृभाषा, फक्त बोलायची ढब वेगळी. मग आपला वऱ्हाडी पोट्टा, जो केळीला केयी म्हणते, त्याचं इंग्रजी किती ऐकू येत असेल! बोलीची लाज धरायचं कारण नाही, पण मशीनसमोर हळू बोला, वाक्य छोटं करा, कंपनीचं आणि कामाचं नाव तोडून तोडून स्पष्ट म्हणा. टिनाच्या घरात पाऊस सुरू असताना बसू नका. गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, नाहीतर माझ्या दुकानात मागची खोली आहे, उजेड तोंडावर येईल असं बसा, पाठीमागे खिडकी नको, भिंत साधी. नेट तुटलं तर तेवढ्याच वेळी स्क्रीनशॉट घ्या आणि मेल करा की नेटवर्क गेलं, परत संधी द्या. ऐकायला, बोलायला, पाहायला त्रास असेल तर आधीच लिहून मागा की प्रत्यक्ष किंवा फोनवर इंटरव्ह्यू घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ प्रमाणे खाजगी कंपनीनंही समान संधीचं धोरण करून ठेवायचं असते, ते दाखवा म्हणून विचारता येते.

फसवणूक

"एआय इंटरव्ह्यू पास झालात, ट्रेनिंगचे १,९९९ भरा." हा मेसेज आला की तिथेच थांबा. नोकरी देणारा पैसे मागत नाही. खोटी जाहिरात टाकून हजारो पोरांचे बायोडाटे, आधार, पॅन, बँक पासबुक गोळा करायचे आणि विकायचे हा पण एक धंदाच आहे. पहिल्या फेरीत आधार मागितलं तर देऊ नका, निवड झाल्यावर लागलंच तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ओटीपी कोणालाच नाही. पैसे गेले तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात निघून जातात.

कायद्याचं थोडक्यात. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीला लागते, खाजगीला थेट नाही. पण बाई आहे म्हणून भरतीत डावलायला वेतन संहितेत मनाई आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आपली कोणती माहिती घेतली हे विचारणं, दुरुस्त करायला लावणं, पुसायला लावणं असे हक्क त्यात आहेत, मात्र ते टप्प्याटप्प्यानं लागू होऊन राहिले. सरकारी किंवा निमसरकारी भरती असेल तर सरळ माहिती अधिकार टाका, मार्क कसे दिले, सॉफ्टवेअरचे निकष काय, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते.

आपल्याच भागात भरती करणाऱ्यांसाठी

जिनिंगवाले, दवाखानेवाले, पतसंस्था, फायनान्सच्या शाखा, तुमच्यापैकी गंज लोक आता हे सॉफ्टवेअर वापरून राहिले, अर्ज हजार येतात, माणूस एक, मला अडचण समजते. पण "सिस्टीमनं काढलं" हे उत्तर देऊ नका, सिस्टीम तुम्ही लावली. फिल्ड ऑफिसरच्या फॉर्ममध्ये "स्वतःच्या नावावर गाडी" ही बाद करणारी अट ठेवली की पोरी जवळपास सगळ्या जातात. "गावोगावी फिरायची सोय करू शकाल का" असं विचारा.

आणि दर भरतीनंतर एक हिशेब करा, पाच मिनिटांचा आहे. समजा शहरातले ४० अर्ज आले, २० पुढे गेले, म्हणजे ५० टक्के. गावचे ६० आले, १५ पुढे गेले, म्हणजे २५ टक्के. २५ ला ५० नं भागा, ०.५ आलं. अमेरिकेत १९७८ पासून ढोबळ नियम आहे की हे ०.८ च्या खाली आलं की निवडीची पद्धत तपासायची. बाया-पुरुष, वय, दिव्यांग, सगळ्यांचं असं करता येते. न्यूयॉर्क शहरात तर जुलै २०२३ पासून अशी यंत्रं वापरणाऱ्यांना दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून हे तपासून आकडे जाहीर करावे लागतात. आणि बाद झालेल्यांतले दहा अर्ज डोळे मिटून उचला आणि स्वतः वाचा. दोन-तीन तरी कामाचे निघाले तर तुमची चाळणी फाटकी आहे.

मेल कसा करायचा

प्रत्येक अर्जाचा स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, नकाराचा मेल, एका वहीत नाहीतर मोबाईलच्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि नकार मिनिटांत आला असेल तर कंपनीच्या एचआरला हे पाठवा, इंग्रजी पाहिजे तर कोणाकडून करून घ्या, पण आवाज नरमच ठेवा:

"महोदय, मी अमुक तारखेला अमुक वाजता अमुक पदासाठी अर्ज केला, क्रमांक अमुक. चार मिनिटांत नकार आला. निवड सॉफ्टवेअरनं केली का, आणि माझा अर्ज कोणत्या अटीमुळे बाद झाला हे कृपया कळवावे. जाहिरातीतल्या सर्व अटी मी पूर्ण करते, पुरावे सोबत आहेत. माझा अर्ज एखाद्या अधिकाऱ्यानं स्वतः पाहावा ही विनंती."

दहातले सात-आठ मेल तसेच जातात, उत्तर येत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. त्या पोरीनं पाठवला. तिची पीडीएफ आम्ही तपासली तेव्हा कळलं की कृषी केंद्राचा दोन वर्षाचा अनुभव टेबलमध्ये होता आणि मशीननं तो वाचलाच नव्हता, तिच्या नावापुढे अनुभव शून्य. तेही मेलमध्ये लिहिलं, साधी पीडीएफ जोडली. नऊ दिवसांनी एका बाईचा फोन आला, नीट बोलली, म्हणे तुमचा अर्ज आता मी स्वतः उघडून पाह्यला. मंगळवारी नागपूरला इंटरव्ह्यू आहे. पहाटेच्या एसटीनं निघणार आहे, ओरिजनल मार्कशीटा आणि कृषी केंद्राच्या मालकाचं पत्र मी आज फाइलला लावून दिलं.